शब्दांवाचून मुर्रीपर्यंत

बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. चित्रात आणखी काही नाही. खाली संवाद नाही, वर मथळा नाही. पाहणाऱ्याची नजर आधी माणसांवर जाते, मग कपड्यांवर, आणि मग दोन नक्ष्यांचं एकमेकींशी असलेलं नातं ध्यानात येतं. हसू फुटतं ते त्या तिसऱ्या क्षणी. 1952 साली 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेलं हे चित्र शि. द. फडणीस यांचं. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

आज कुणालाही वाटेल, यात एवढं काय? त्यासाठी त्या काळचे अंक डोळ्यांपुढे आणावे लागतील. मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचं राज्य होतं. दागिन्यांनी मढलेल्या देखण्या स्त्रिया, देवादिक, पुराणातले प्रसंग हे सगळं अपार कौशल्यानं रंगवलेलं असे आणि वाचकांना त्याची मनापासून आवड होती. हास्यचित्राची जागा आत, एखाद्या कथेच्या शेवटी उरलेल्या कोपऱ्यात. तेही काळ्या शाईत आणि खाली दोन पात्रांचा छापील संवाद. बहुतेकदा विनोद त्या संवादातच असायचा. चित्र झाकलं आणि संवाद वाचला तरी काही बिघडत नसे. मासिकाच्या दर्शनी पानावर, रंगात, एकाही शब्दाशिवाय विनोद मांडायचा हा जुगार होता. तो खेळला संपादक अनंत अंतरकर यांनी. 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही तीन मासिकं चालवणाऱ्या या माणसाला चित्राची दृष्टी होती. पुढे 'मोहिनी' म्हटलं की फडणीसांचं मुखपृष्ठ, हे समीकरण कित्येक दशकं टिकलं.

शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म 29 जुलै 1925 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या सीमाभागातल्या गावी झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात आणि चित्रकलेचं शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तिथे त्यांनी निवडलं ते कमर्शियल आर्ट. या निवडीला मी फार महत्त्व देतो. जाहिरातीचं शिक्षण घेतलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवली जाते: रस्त्यानं जाणाऱ्याला थांबायला वेळ नाही, म्हणून पोस्टरनं एका दृष्टिक्षेपात आपलं म्हणणं सांगून टाकलं पाहिजे. फडणीसांच्या चित्रातली बंद, स्वच्छ बाह्यरेषा, सपाट रंग, पार्श्वभूमीत अनावश्यक एकही वस्तू नसणं, या सगळ्यात ते शिक्षण दिसतं.

छपाईचाही हात होताच. त्या काळी चित्र छापायचं म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून ब्लॉक करून घ्यायचा. लाइन ब्लॉकवर फक्त काळं आणि पांढरं उमटतं, मधल्या छटा नाहीत. नाजूक, फिकी रेष ॲसिडनं खाल्ली जायची, दाट रेषा एकमेकींत मिसळून डाग व्हायचा. रंगीत मुखपृष्ठाला प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक लागे, त्याचा खर्च वेगळा, आणि कागद थोडा सरकला की रंग रेषेबाहेर जायचा. अशा छपाईत टिकायचं तर रेष ठाम हवी आणि रंगांच्या सीमा स्पष्ट हव्यात. पुष्कळ चित्रकारांना ही अडचण वाटली. फडणीसांनी तिची शैली केली.

वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रकाराचं आयुष्य याहून फार वेगळं असतं. आर. के. लक्ष्मण यांनी 1951 पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त रोजचं छोटं चित्र सुरू केलं आणि चौकटीच्या कोटातला त्यांचा सामान्य माणूस अर्धं शतक देशाच्या कारभाराकडे मुकाट पाहत राहिला. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये त्यांच्याबरोबर काम केलेल्या बाळ ठाकरे यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक' काढलं, आणि मराठी व्यंगचित्र थेट राजकारणाच्या आखाड्यात उतरलं. त्यांच्या कुंचल्याला आजची बातमी लागे. संध्याकाळी चित्र गेलं पाहिजे, उद्या ते शिळं होणार. फडणीस या वाटेनं फारसे गेले नाहीत. त्यांच्या चित्रात मंत्री नाही, निवडणूक नाही, तारीख नाही. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचं चित्र आज पाहताना तळटीप लागत नाही.

युरोपात, विशेषतः हॉलंडमध्ये, दैनिकांनी चित्रकथेला मोठं घर दिलं. मार्टेन टूंडर यांचं 'टॉम पूस' हे पांढरं मांजर 1941 मध्ये तिथल्या दैनिकात अवतरलं आणि चित्राखाली गद्य मजकूर अशा रूपात कित्येक दशकं डच घरांत वाचलं गेलं. आपल्याकडे दैनिकांत स्वतःची, मराठी घरातली चित्रमालिका रुजायला फार वेळ लागला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 'सकाळ'मध्ये आला तो 1991 च्या नोव्हेंबरात. त्याआधी मराठी हास्यचित्राला पोसलं ते दिवाळी अंकांनी. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं 1909 मध्ये ही प्रथा सुरू केली. पुढे मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मध्ये खिडकीचित्रं आली. पान कापून केलेल्या खिडकीतून वेगळंच काही दिसायचं, आणि पान उलटलं की साधाभोळा प्रसंग निघायचा. 'ललित'च्या मुखपृष्ठांवर वसंत सरवटे साहित्यिकांची फिरकी घेत. व्यवसायानं इंजिनिअर असलेल्या सरवट्यांनी 'परकी चलन'मधून परदेशी व्यंगचित्रकारांची ओळखही मराठी वाचकाला करून दिली. वर्षातून एकदा येणाऱ्या अंकासाठी काढलेलं चित्र वर्षभर घरात राहतं. फडणीसांना ही सवड मिळाली आणि त्यांनी तिचं सोनं केलं.

तरीही त्या मुखपृष्ठांबद्दल एक गोष्ट म्हणावीशी वाटते. त्यांच्यातलं जग प्रामुख्यानं शहरी मध्यमवर्गाचं आहे. बसथांबा, दिवाणखाना, ऑफिस, नवरा-बायको, पाहुणे. मी राहतो त्या बाजूला, महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाला, या गोष्टी होत्याच असं नाही. गोंदियाजवळचं आमचं मुर्री मुंबईपासून रेल्वेनं जवळपास हजार किलोमीटर. इकडे धानाची बांधी, तलाव आणि बोडी. इथला विनोद दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या अंगणात, रात्रभर, मोठ्या आवाजात चालतो. दिवाळी अंक इकडे मोजकेच यायचे, ते वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद असायचे. फडणीसांचं काम केवळ मुखपृष्ठांवर थांबलं असतं तर आमच्याकडच्या बहुतेकांनी ते कधी पाहिलंच नसतं.

ते पोहोचलं दुसऱ्या वाटेनं. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', 1967 च्या जानेवारीत स्थापन झाली आणि राज्यभराच्या प्राथमिक शाळांसाठी एकच पुस्तक निघू लागलं. 1970 च्या दशकात प्राथमिक गणिताच्या पुस्तकांची चित्रं फडणीसांकडे आली. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत मोठं काम हेच. मुखपृष्ठांचं कौतुक पुष्कळ झालं, 'हसरी गॅलरी' या प्रदर्शनाचं झालं, 'चित्रहास' या सप्रयोग कार्यक्रमाचं झालं, आणि ते योग्यच झालं. पण अंकाचा वाचक आपल्या पैशानं अंक विकत घेतो, प्रदर्शनाला आपल्या पायानं जातो. गणिताचं पुस्तक प्रत्येक मुलाच्या हातात आपोआप पडतं. ज्याच्या घरात दुसरं एकही छापील चित्र नाही, त्याच्याही.

त्या वेळी आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. इथलं मूल पहिलीत येतं तेव्हा घरी झाडीबोली बोलत असतं, नाहीतर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी. पुस्तकातली प्रमाण मराठी त्याला शाळेतच भेटते. एकाच गावातली दोन मुलं एक मराठी आणि एक हिंदी माध्यमात बसतात, असंही आमच्याकडे सर्रास. अशा वर्गात उदाहरणाची भाषा आधी समजून घ्यावी लागते आणि गणित नंतर येतं. निम्मी मुलं पहिल्याच पायरीवर अडकतात. पण जे चित्र शब्दांवाचून कळतं त्याला ही पायरीच नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर ज्या कलेनं संवादाची गरज संपवली, तीच कला मुर्रीच्या वर्गात भाषेची अडचण ओलांडून गेली. भाषांतर न करता ती मराठी पुस्तकात जशी चालते तशीच हिंदी पुस्तकातही चालते.

गणिताचं चित्र काढणं किती अवघड आहे याची कल्पना सहसा नसते. मुलानं वस्तू मोजायच्या आहेत, म्हणजे त्या एकमेकींमागे लपता कामा नयेत. सात पक्षी म्हटले तर सातच दिसले पाहिजेत. आठव्याची शेपटी कुठे डोकावली की उत्तर चुकलं. त्याच वेळी सगळे पक्षी एका रांगेत, एकाच मापाचे काढले तर चित्र निर्जीव होतं आणि मूल कंटाळतं. लहान-मोठं, कमी-जास्त, आधी-नंतर या कल्पना दाखवताना दोन वस्तूंतला नेमका तोच फरक उठून दिसायला हवा, बाकी सगळं सारखं हवं. नाहीतर मूल उंचीऐवजी टोपीच्या रंगाकडे पाहतं. हास्यचित्रकार आयुष्यभर हेच करत असतो. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, मग कुठे वळेल, कुठल्या क्षणी त्याला सापडेल, हे तो ठरवतो. मांजर-उंदरांच्या नक्षीत जे घडतं ते मुळात तुलनेचं उदाहरणच आहे: दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि त्यांचं नातं पाहणाऱ्याला शोधू द्या. सापडल्याचा आनंद दोन्हीकडे सारखाच.

सरकारी पुस्तकात हसू आणणं त्याहून कठीण. क्रमिक पुस्तकातली मुलं तोवर स्वच्छ भांग पाडलेली, ताठ उभी असत. गुरुजी आणि पुस्तक यांच्या धाकात भर घालायला ती चित्रं हातभार लावत. गणित म्हणजे छडी, हे तर तेव्हा ठरलेलंच. अशा विषयाच्या पुस्तकात गमतीदार माणसं आणि प्राणी आले, तर मूल पुढचं पान स्वतःहून उघडतं. शिक्षकाला यापेक्षा अधिक काही नको असतं. शाळेत ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते पटेल.

शकुंतला फडणीस या लेखिका पत्नीची साथ त्यांना या सगळ्या प्रवासात लाभली. 'रेषाटन' या आत्मकथनात फडणीसांनी स्वतः हा प्रवास सांगितला आहे. 29 जुलै 2025 रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं पुण्या-मुंबईत बरंच लिहिलं-बोललं गेलं, आणि त्यात जोर मुखपृष्ठांवर असणं स्वाभाविक होतं. मुखपृष्ठं जपलेली आहेत, पुस्तकरूपात आहेत. गणिताच्या पुस्तकांचं तसं नाही. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक धाकट्या भावंडाच्याही उपयोगाचं राहत नाही. ते रद्दीत जातं, चुलीत जातं, पावसाळ्यात ओल येऊन फुगतं. राज्यातल्या लाखो मुलांनी हाताळलेली ही चित्रं आज हाताला लागणं दुर्मीळ झालं आहे, कारण प्रत्येकानं ती वापरून संपवली.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, घरच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत 1970 किंवा 80 च्या दशकातलं प्राथमिक गणिताचं पुस्तक सापडलं, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठ फाटलेलं असलं, चित्रांवर कुणी पेन्सिलीनं मिशा काढल्या असल्या, तरी चालेल. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नाव-सालासह नोंद करून ठेवा, आणि त्याआधी एकदा पहिली-दुसरीच्या वर्गात नेऊन मुलांपुढे उघडा.