आरतीचा आवाज कुठवर जावा?

भाद्रपदाची चाहूल लागली की मुंबईच्या उपनगरांतून मंडपांचे बांबू उभे राहू लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मंडळांच्या बैठकांत मूर्ती, आरास आणि वर्गणी यांच्या मागोमाग एक विषय हटकून निघतो. तो म्हणजे ‘साउंड’ कोणाचा आणि किती वॅटचा. या दुसऱ्या प्रश्नातच सारा घोटाळा आहे, असे आमचे मत आहे. वॅट हे विद्युत्शक्तीचे माप होय. श्रीगजाननाचे स्तवन भाविकाच्या कानी अक्षराअक्षराने पोचले की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हताच. कीर्तनकाराचा कमावलेला कंठ आणि मेळ्यांतील मुलांचे सामुदायिक गायन यांवरच उत्सव चाले. विजेचा ध्वनिवर्धक आपल्याकडे नावारूपाला आला तो राष्ट्रीय चळवळीत. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने यांनी १९३१ च्या कराची काँग्रेसपासून ही सेवा दिली. महात्माजींच्या आणि पंडित नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावर त्या पेढीची पाटी आजही वाचता येते. मृदू स्वरात बोलणाऱ्या वक्त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावा, एवढाच त्या यंत्राचा हेतू होता. शेजारच्या वस्तीने तो ऐकलाच पाहिजे, असा आग्रह पुढे केव्हातरी शिरला.

त्या काळापासून आपल्या परिचयाचा झालेला कर्णा, ज्याला आपण भोंगाही म्हणतो, हे मोठे हुशार साधन आहे. त्याच्या मागच्या ‘युनिट’मधील पडदा हाताच्या तळव्याहून लहान असतो. उघड्या हवेत तो नुसताच थरथरला असता. पण हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीमुळे त्या पडद्याला हवेवर पकड मिळते आणि आवाज चहूकडे न सांडता एका दिशेला जातो. म्हणूनच थोड्या विजेत कर्णा दूरवर ऐकू येतो. मात्र खर्जाचे स्वर त्या नळीतून नीट बाहेर पडत नाहीत. बोलणे स्पष्ट येते, पखवाज मात्र पत्र्याचा वाटतो. लांबवर तारा न्यायच्या असल्या की जाणते साउंडवाले शंभर व्होल्टची लाइन टाकतात. दाब वाढवला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो आणि तारेत होणारी गळती घटते. दूरच्या वीजकेंद्रातून वीज आणण्याची रीतही हीच.

आता अंतराचा हिशेब पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. ती तूट भरून काढायला चौपट वॅट लागतात. म्हणजे ३० वॅटवर ३२ मीटरपर्यंत जेवढे ऐकू येते, तेवढेच ६४ मीटरवर ऐकवायचे तर १२० वॅट हवेत. आणि ६४ मीटरवरच्या माणसाला ७५ डेसिबल मिळावेत असा हट्ट धरला, तर त्याच कर्ण्यासमोर २ मीटरवर १०५ डेसिबल आदळतात. तिथे पहिल्या रांगेत कोण बसलेले असते? घरोघरच्या आजीबाई आणि टाळ्या वाजवणारी बालके! अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या मोजणीप्रमाणे ८५ डेसिबल ८ तास सोसता येतात, १०० डेसिबल केवळ १५ मिनिटे आणि १०५ डेसिबल तर पुरती ५ मिनिटेही नाहीत. आपल्या आरत्या याहून पुष्कळ लांब चालतात.

परंतु कानाच्या इजेपेक्षाही भाविकाला अधिक लागावी अशी एक गोष्ट आहे. अथर्वशीर्षात गणेशविद्येचे जे स्वरूप सांगितले आहे, ते आमच्या वाचकांना मुखोद्गत असेल : आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार आणि त्यावर बिंदू. यातला गकार क्षणात उमटतो नि क्षणात संपतो. व्यंजनांचा नेमकेपणा बव्हंशी उंच कंपनांत असतो. ती कंपने हवेत लवकर विरतात, भिंतींनी अडतात. अनुस्वाराचा गुंजारव मात्र मंद्र कंपनांचा. तो भिंतीतूनही पार होतो. उपनगरांत जुन्या बैठ्या इमारतींच्या जागी आता उंच मनोरे उभे आहेत. त्यांच्यावर आपटून परत आलेला घुमारा पुढच्या अक्षरावर पडतो. यंत्राची ताकद वाढवावी तसा हा घुमाराही वाढतो, आणि दोन गल्ल्या पलीकडे जे पोचते त्यात मंत्र उरतच नाही, नुसती धडधड उरते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत उच्चारणाची सहा अंगे मोजली आहेत. बल हे त्यांपैकी एक. उरलेली पाच आम्ही साउंडवाल्याच्या दरपत्रकात अद्याप पाहिली नाहीत.

उपाय अवघड नाही. दोन राक्षसी कर्ण्यांऐवजी मंडपाच्या खांबांवर आठ-दहा लहान बॉक्स लावावेत, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे उंच आणि तोंडे खाली, श्रोत्यांकडे झुकवलेली. प्रत्येकाने सात-आठ मीटरचीच जबाबदारी घ्यावी. तिथे ७५ डेसिबल मिळाले, तरी २ मीटरवर ते ८७ च्या पुढे जात नाहीत. लांबलचक मंडपात मात्र एक खुबी सांभाळावी लागते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, तर तारेतून संदेश तत्क्षणी पोचतो. त्यामुळे ३४ मीटरवरचा बॉक्स गाभाऱ्यापाशी वाजणाऱ्या बॉक्सच्या एक दशांश सेकंद आधी बोलतो आणि मागच्या भक्ताला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हल्लीच्या यंत्रांत त्या बॉक्सला तेवढाच उशीर लावण्याची सोय असते. साउंडवाल्याकडे ‘डिले’ आहे का, एवढे विचारावे. डोंगरउतारावरच्या वस्तीत, जशी घाटकोपरला आहे, वर तोंड केलेला कर्णा सरळ वरच्या घरांच्या दारात वाजतो, हेही ध्यानी घ्यावे.

कायद्याचे आकडे येथे नोंदवून ठेवतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबल. ध्वनिवर्धक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे रहिवासी भागात दिवसा ६५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाच्या आसपास मंडप घालणाऱ्यांनी हे अंतर टेपने मोजावे. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या दोन गृहसंस्थांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने, ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे स्पष्ट सांगितले. आम्हाला त्यात धर्मावर आघात दिसत नाही. १८९३ चा उत्सव काय अपुरा होता?

अंधेरीच्या आझादनगरचा गणपती १९६६ पासून बसतो आणि अनंत चतुर्दशीला न जाता नंतरच्या संकष्टीला निघतो. मिरवणूक रात्रभर चालून वेसाव्याच्या समुद्राशी पोचते. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीचे बंधन वाद्यांनाही लागू आहे. तेव्हा दहाच्या पुढच्या वाटेवर गजर करायला उरतो तो भक्तांचा स्वतःचा कंठ.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनी प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी एक परीक्षा अवश्य करून पाहावी. एकाने ध्वनिक्षेपकासमोर अथर्वशीर्ष म्हणावे. दुसऱ्याने मंडपाच्या शेवटच्या खांबाशी उभे राहून प्रत्येक गकार वेगळा ऐकू येतो का ते पाहावे. आणि तिसऱ्याने समोरच्या इमारतीत, जिथे कोणी आजारी वा परीक्षेला बसणारे मूल असेल त्या घरी जाऊन, खिडकी लावून घ्यावी नि दोन मिनिटे गप्प बसावे. तिथे धडधड जाणवली तर ॲम्प्लिफायरवरचे खर्जाचे बटण आधी उतरवावे, मग आवाजाचे.