सर्वश्रेष्ठ कोण? (लेखांक १७) : आकडा नसलेली माणसं

अमेरिकन फुटबॉलमधल्या बहात्तर सालच्या डॉल्फिन्स संघाला आज पंच्याऐंशी सालच्या बेअर्ससमोर उभं करायचं आणि निकाल लावायचा, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. तो सामना आज होत नाही. मध्येच नाशिकहून एक पत्र आलं आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटेना.

पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. नातवाच्या नादाने सोमवारी पहाटे उठून सामने बघायला लागल्या. त्या लिहितात, “सोळा आठवडे वाचते आहे. ब्रेडी की मॉन्टाना, जिम ब्राउन की बॅरी सँडर्स, सगळं समजलं. पण क्वार्टरबॅकच्या पुढ्यात वाकून बसणारी ती पाच दांडगी माणसं कोण? तुमच्या एकाही यादीत त्यांच्यातला कोणी नाही. त्यांच्यात कोणी थोर होऊन गेलंच नाही का?”

मी माझे सोळा लेख काढून पाहिले. बाईंचं म्हणणं खरं आहे. ज्या खेळावर इतकी वर्षं जीव लावला, त्यातल्या निम्म्या आक्रमणाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. ती चूक आज निस्तरायची आहे.

ही पाच माणसं म्हणजे आक्रमणाची लाइन. मधोमध सेंटर. तो दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला देतो, त्यालाच स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल. यांचे नंबर ५० ते ७९ मधले. पंचांना आधी सांगितल्याशिवाय पुढे फेकलेला पास यांनी झेलायचा नाही. चेंडू घेऊन पळायची वेळ तर चुकूनमाकून येते. समोरून धडकणाऱ्यांना अडवायचं, एवढंच काम. पण प्रत्येक डावात, धक्क्यागणिक.

आता हिशेबाच्या वहीत बघा. पळणाऱ्याच्या नावावर यार्ड चढतात, फेकणाऱ्याच्या नावावर पास, बचावपटूने क्वार्टरबॅकला लोळवलं की त्याच्या नावावर सॅक. लाइनमनच्या नावावर चढतो तो दंड. त्याने समोरच्याचा शर्ट ओढून धरला की पंच माइकवर त्याचा नंबर पुकारतात, संघ दहा यार्ड मागे जातो आणि सत्तर हजार माणसं हुर्यो उडवतात. तीन तास त्याने एकही चूक केली नाही, तर त्याचा नंबर कोणाच्या कानावरसुद्धा पडत नाही. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला निदान झेल आणि यष्टिचीत तरी मिळतात. इथे काम चोख झालं की ते दिसेनासं होतं. त्यामुळे आपण ज्या आकड्यांवर सर्वश्रेष्ठ कोण ते ठरवतो, ते आकडे या पाचांच्या खांद्यावर उभे आहेत आणि यांची स्वतःची पाटी कोरी आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला वॉशिंग्टनचा. १९८२ च्या सरावशिबिरात लाइनचे प्रशिक्षक जो ब्यूगल यांनी आपल्या धिप्पाड पोरांना लाडाने ‘हॉग्ज’ म्हणजे डुकरं म्हणायला सुरुवात केली. पोरांनी ते नाव अभिमानाने मिरवलं आणि प्रेक्षक डुकराच्या नाकाचे मुखवटे लावून येऊ लागले. जो गिब्ज यांच्या या संघाने १९८२, १९८७ आणि १९९१ अशा तीन हंगामांत सुपर बोल जिंकला. तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळा : जो थाइझमन, मग डग विल्यम्स, मग मार्क रिपिएन. लाइनमनपैकी रस ग्रिम आणि जो जेकबी मात्र तिन्ही वेळा संघात होते. जेकबीला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणी निवडलंही नव्हतं. क्वार्टरबॅकवरूनच संघाची थोरवी ठरत असती, तर या तीन विजयांचा उलगडा कसा करायचा?

आणि पुढचं ऐका. १९८२ च्या त्या हंगामात, संपामुळे नऊच सामने झाले त्या वर्षी, असोसिएटेड प्रेसचा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान वॉशिंग्टनलाच मिळाला. कोणाला? मार्क मोझली या किकरला. त्याने २१ पैकी २० फील्ड गोल मारले होते, म्हणजे त्याच्यापाशी आकडा होता. कामगिरी उत्तमच, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण या पुरस्काराच्या इतिहासात किकर आहे, बचावपटू दोन आहेत, आक्रमणाच्या लाइनमधला आजवर एकही नाही.

लाइनमनचं एखादं काम अख्ख्या देशाने पाहिलं, असं एकदाच घडलं असेल. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. पारा शून्याखाली २५ अंश सेल्सिअस. मैदान गोठून दगड झालेलं, पंचांच्या शिट्ट्याही गोठलेल्या. ‘आइस बोल’ म्हणतात तो हाच सामना. डॅलस १७, ग्रीन बे १४, शेवटचे १६ सेकंद, एक यार्ड बाकी आणि ग्रीन बेकडे टाइमआउट शिल्लक नाही. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू कोणाला न देता स्वतःच मुसंडी मारली आणि गोलरेषा ओलांडली. वाट कुठून मिळाली? उजवा गार्ड जेरी क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी मिळून डॅलसच्या जेथ्रो प्यूला मागे रेटलं, त्या फटीतून. त्या आठवड्यात फिल्म बघताना क्रेमरच्याच नजरेला आलं होतं की प्यू कंबरेत वाकत नाही, ताठ उभा राहतो, म्हणजे त्याला खालून उचलता येईल. टीव्हीवर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला गेला. क्रेमरच्या पुस्तकाचं नावच ‘इन्स्टंट रिप्ले’ पडलं. तरीही हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं ते २०१८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. लाइनमधला जो एक धक्का सगळ्यांनी पाहिला, त्याला पन्नास वर्षं लागली. ज्यांचं काम कोणी पाहिलंच नाही, त्यांचं काय होत असेल?

हा सगळा विषय मला पुस्तकातून कळला असता तर मी इतक्या हट्टाने सांगितला नसता. क्लीव्हलंडमधल्या नोकरीच्या वर्षांत मी ब्राउन्सचे सामने बघायला जात असे. स्टेडियम ईरी सरोवराच्या काठावर. डिसेंबरात तिथला वारा हातमोज्यांतूनही बोटं बधिर करतो. संघ हरत असे, आणि हरणारच हे प्रेक्षकांना ठाऊक असे. शेजारच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ मला एकदा म्हणाले, “चेंडूकडे बघू नकोस. ७३ कडे बघ.”

७३ म्हणजे जो थॉमस, डावा टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, म्हणून मागून येणारा घाला अडवायची जबाबदारी या जागेवर. मी दुर्बीण त्याच्यावर रोखली. चेंडू हलला की तो घाईने उसळत नसे. डावा पाय तिरका मागे, उजवा त्याच्या मागोमाग, पुन्हा डावा. जमिनीला जेमतेम घासत जाणारी पावलं, कंबर खाली, पाठ सरळ, हात छातीपाशी तयार. समोरचा बचावपटू वाऱ्यासारखा बाहेरून वळसा घालू पाही. थॉमस त्याच्याशी झटत नसे. ऐन क्षणी हात पुढे काढून तळवे त्याच्या छातीवर टेकवी आणि तो ज्या दिशेला निघालाय तिकडेच त्याला आणखी थोडं ढकली. वळसा रुंद होई, आणि तो बिचारा क्वार्टरबॅकच्या मागून भलतीकडे निघून जाई. तोवर चेंडू हातातून सुटलेला असे. सगळा मामला अडीच-तीन सेकंदांचा. मग थॉमस वळून सावकाश परत येई आणि पुन्हा वाकून बसे. त्या दिवसापासून मला हा खेळ वेगळाच दिसू लागला.

थॉमसच्या बाबतीत एक आकडा मात्र अखेर सापडला. २००७ मधल्या पहिल्या सामन्यापासून २२ ऑक्टोबर २०१७ पर्यंत तो ओळीने १०,३६३ स्नॅप खेळला. एकदाही बाहेर बसला नाही. टेनेसीविरुद्ध दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. त्याच्या मागे क्वार्टरबॅक बदलत राहिले, वीसजण येऊन गेले. त्याच्या अकरा हंगामांत ब्राउन्स ४८ सामने जिंकले आणि १२८ हरले; शेवटच्या वर्षी तर सोळाच्या सोळा. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. तरी दहा वेळा त्याची प्रो बोलसाठी निवड झाली आणि २०२३ मध्ये पात्र ठरताच पहिल्या फटक्यात तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. सर्वश्रेष्ठ म्हणजे ज्याच्या बोटांत सुपर बोलच्या अंगठ्या जास्त तो, हे माप मी ब्रेडीच्या लेखात वापरलं होतं. थॉमसपुढे ते माप चालत नाही. खेळाडूची थोरवी आणि संघाचं नशीब यांची आपण सर्रास गल्लत करतो, हे मला ७३ नंबरने शिकवलं.

मग बहात्तरच्या डॉल्फिन्सचं काय? त्यांनी सतरापैकी सतरा सामने जिंकले. लॅरी झॉन्काने १,११७ यार्ड काढले, मर्क्युरी मॉरिसने नेमके १,०००. एकाच संघातल्या दोघांनी एका हंगामात हजार गाठायची ती पहिलीच वेळ. संघाने पळून काढलेले एकूण २,९६० यार्ड हा तेव्हाचा विक्रम. पुढच्याच वर्षी बफेलोने तो मोडला, ओ. जे. सिम्प्सनच्या २,००३ यार्डांच्या जोरावर. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर हा विक्रम झाल्यावर पत्रकारांसमोर जाताना सिम्प्सनने आपल्या लाइनलाही सोबत नेलं. ज्याच्या नावावर आकडा लागला, त्याला तो कोणाकोणाचा आहे हे पक्कं माहीत होतं.

मॉरिसच्या हजारामागची गोष्ट मला फार मोलाची वाटते. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ९९१ यार्डच होते. बफेलोविरुद्धच्या सामन्यात हातातून निसटलेल्या एका चेंडूचे नऊ यार्ड त्याच्या खात्यातून वजा झाले होते. संघाने दाद मागितली, लीगने फिल्म पुन्हा पाहिली आणि नऊ यार्ड त्याला परत दिले. नऊ यार्डांसाठी फिल्म पुन्हा लावली गेली, हे योग्यच झालं. आता त्याच संघाच्या सेंटरची गोष्ट घ्या. जिम लँगर. ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला, १९७० मध्ये क्लीव्हलंडने सोडून दिलेला. बहात्तरच्या साखळीत आक्रमणाचा एकही डाव तो चुकला नाही. हंगामानंतर प्रशिक्षकांनी फिल्म बघून मोजलं, तेव्हा पाचशेहून अधिक ब्लॉकमध्ये त्याला दुसऱ्याची मदत फक्त तीन वेळा लागली होती. हा आकडा कोणत्याही अधिकृत तक्त्यात नाही. प्रशिक्षकांनी अंधाऱ्या खोलीत बसून तो मोजला म्हणून आपल्याला माहीत आहे.

डॉल्फिन्सवर नेहमीचा आक्षेप आहे की त्यांना दुबळे प्रतिस्पर्धी मिळाले. त्यात तथ्य किती, ते पुढच्या आठवड्यात पाहू, आणि बेअर्सनाही तेव्हाच बोलावू. तोवर नाशिकच्या बाईंना आणि त्यांच्या नातवाला एक विनंती. या सोमवारी पहाटे सत्तरीतला कुठलाही एक नंबर निवडा आणि दहा स्नॅप फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू कुठे गेला ते नातू सांगेलच. पुढच्या लेखात डॉल्फिन्सची मांडणी मी क्वार्टरबॅक ग्रीसीपासून करणार होतो. आता ती लँगरपासून करणार आहे.