क्षमावाणीचे पत्र
दशलक्षण पर्व संपताच घरोघरी क्षमावाणीची पत्रे निघतात. विकतच्या छापील पत्राऐवजी खोडरबराचा ठसा घरीच कोरता येतो. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने ‘क्षमा’ लिहून तो रबरावर पालथा घासावा. अक्षरे आपोआप उलटी उमटतात. रेषांबाहेरचे रबर बारीक पात्याने कोरून काढावे. शाईच्या गादीवर टेकवलेला ठसा कागदावर सरळ दाबून तसाच उचलावा. जरा डुलला की शाई पसरते.

ठशाची सोय ही की शंभर पत्रे सारखी होतात. अडचणही तीच. शेजाऱ्याला आणि अबोला धरलेल्या सख्ख्या भावाला एकच मजकूर कसा पुरावा? म्हणून ठसा कोपऱ्यातच घ्यावा. उरलेल्या जागेत आपली चूक नेमकी कोणती, ते स्वहस्ते लिहावे. कोरण्यापेक्षा त्या दोन ओळींनाच अधिक वेळ लागतो.