हीट शॉक आरएनए ओमेगा

हीट शॉक आरएनए ओमेगा (संक्षेपाने एचएसआर-ओमेगा) हे ड्रोसोफिला मेलानोगास्टर या माशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुक आहे. कीटकांच्या गुणसूत्रांतील पुनरावृत्त डीएनएचे प्रतिलेखन, म्हणजे त्या डीएनएबरहुकूम आरएनए तयार होण्याची क्रिया, निरर्थक नसते याचे हे भारतात सखोल अभ्यासले गेलेले उदाहरण होय. पिकलेल्या केळ्यांभोवती आणि सडू लागलेल्या द्राक्षांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माश्यांपैकी ही एक. (मराठीत ‘फळमाशी’ हे नाव आंबा-पेरूची नासाडी करणाऱ्या निराळ्या कुळातील माशीलाही दिले जाते, म्हणून ते येथे टाळले आहे.)

शोध

१९६२ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांना असे आढळले की, उष्णता दिल्यास ड्रोसोफिलाच्या अळीच्या लाळग्रंथीतील महागुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी फुगवटे येतात. फुगवटा ही तेथे प्रतिलेखन जोरात चालू असल्याची खूण असते. यांपैकी ‘९३डी’ या स्थानावरील फुगवटा वेगळा ठरला. सुभाषचंद्र लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये कोलकाता येथील संशोधनातून दाखवले की, बेंझामाइड या रसायनाने उष्णतेचे इतर फुगवटे येत नाहीत, पण ९३डी फुगतो. लखोटिया यांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अनेक दशके याच जनुकाचा पाठपुरावा केला.

रचना व कार्य

या जनुकात सुमारे २८० आधारकांचा क्रम ओळीने पुन्हा पुन्हा येतो. त्यावरून बनणारा लांबलचक आरएनए प्रथिनाचा साचा होत नाही. तो पेशीच्या केंद्रकातच राहतो. अशा डीएनएला एके काळी सरसकट ‘अडगळ’ म्हटले जाई. ते नाव घाईचे होते असेच म्हणावे लागते, कारण हे जनुक नसलेल्या बहुतेक माश्या भ्रूणावस्थेतच मरतात व उरलेल्या दुबळ्या निपजतात.

२००० मध्ये बनारसच्या गटाने केंद्रकातील ‘ओमेगा ठिपक्यां’चे वर्णन केले. इतर आरएनएंवर संस्कार करणारी काही प्रथिने या आरएनएला चिकटून ठिपक्यांत साठून राहतात. उष्णतेचा आघात होताच विखुरलेले ठिपके नाहीसे होऊन ती प्रथिने ९३डीपाशी गोळा होतात, आणि पेशी सावरल्यावर ठिपके पुन्हा दिसू लागतात.

हंटिंग्टनच्या आजारासारखा चेतापेशींचा ऱ्हास घडवून आणलेल्या माश्यांत या आरएनएचे प्रमाण घटवल्यास तो ऱ्हास कमी होतो, असेही याच गटाला आढळले. हा निष्कर्ष माश्यांपुरता आहे. तो रुग्णांवरील उपचार नव्हे.