न दुखणाऱ्या पायाची चप्पल

टूथब्रशचे सगळे केस झडून दांडीला एकच उरावा, तसं दिसणारं एक हत्यार आहे. टोकाला बोटभरही लांब नसलेला नायलॉनचा ताठ तंतू, बस्स. पायांच्या आजारांसाठी खास चपला-बूट बनवण्याचं शिक्षण घेणाऱ्याच्या हाती हे हत्यार येतं तेव्हा आधी हसूच येतं. याने तपासायचं तरी काय?

तर समोरच्याला डोळे मिटायला सांगायचं. तंतू तळव्यावर उभा टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा, सेकंदभर थांबून उचलायचा. विचारायचं, "लागलं का?" उत्तर 'हो' असेल तर ठीक. काहीच कळलं नसेल, तर या माणसाच्या पायाचा पहारेकरी झोपी गेला आहे असं समजायचं.

आता यातली गंमत पाहा. तंतू दाबणारा हात पैलवानाचा असो की शाळकरी पोराचा, तळव्यावर भार पडतो तो १० ग्रॅमचाच. हे कसं? खराट्याची एक काडी जमिनीवर उभी धरून दाबा. क्षणभर ती ताठ राहते आणि मग वाकते. एकदा वाकली की तुम्ही आणखी कितीही जोर लावा, ती फक्त जास्त वाकते; टोकाशी जाणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो. खांब कधी वाकेल याचं गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं होतं. त्याच हिशेबाने तंतूची जाडी आणि लांबी अशी निवडली आहे की तो बरोबर १० ग्रॅमला मान टाकतो. म्हणजे तंतूच वजनकाटा! ना बॅटरी, ना आकडे.

पण तळव्याला दहा ग्रॅम कळले नाहीत तर बिघडलं काय? दुखत नाही ही तर चांगलीच गोष्ट, नाही का?

या प्रश्नाचं उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरला सापडलं. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडतं, असंच तेव्हा सगळे मानत. एकदा एका गोदामाचं गंजलेलं कुलूप ब्रँडना काही केल्या उघडेना. एक लहान रुग्ण मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली सहज फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलेलं! पोराला पत्ताच नव्हता. इतका जोर आपल्यालाही लावता येतो, पण दुखणं आपल्याला मधेच थांबवतं. त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. मांस सडत नव्हतं. आजाराने नसा मेल्यामुळे बधिर झालेल्या हातापायांना रोजच्या जखमा खात होत्या. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जात आणि माणूस जागा होत नसे, म्हणून रुग्णांनी मांजरं पाळायची असा उपाय तिथे केला गेला. औषधोपचार म्हणून मांजर, हे वैद्यकाच्या इतिहासात बहुधा दुसरीकडे सापडणार नाही.

काटा, खिळा, निखारा हे शत्रू उघड दिसतात. खरा चोर वेगळाच आहे. ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी हलके हलके ठोके देणाऱ्या यंत्राखाली स्वतःचं बोट धरून पाहिलं. सुरुवातीला मालिश केल्यासारखं बरं वाटलं. तोच ठोका, तेवढाच जोर, पण शेकड्यांनी पडू लागल्यावर बोट हुळहुळं झालं आणि मग सहन होईना. उंदरांच्या बधिर तळव्यांवर तेच ठोके दिवसेंदिवस पडत राहिले, तेव्हा तिथे सूज आली आणि पुढे जखम झाली. एकेक ठोका निरुपद्रवी; जखम केली ती मोजणीने. आता आपली रोजची पावलं आठवा.

मग आपल्या पायांना जखमा का होत नाहीत? कारण आपण लबाडी करतो! लांब चालताना चवडा तापला की नकळत भार टाचेकडे सरकतो, थोड्या वेळाने बाहेरच्या कडेवर, मग पुन्हा आत. तळवा कुरकुरतो, मेंदू ऐकतो, चाल बदलते आणि आपल्याला यातलं काहीही कळत नाही. बधिर पाय मात्र पहिल्या पावलापासून हजाराव्या पावलापर्यंत एकाच जागी, एकाच इमानाने आपटत राहतो.

ब्रँडच्या चमूने मग कृत्रिम दुखणंच बनवायला घेतलं. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब ओळखणारी यंत्रं बसवली. दाब वाढला की कानात आवाज. लोक आवाजाकडे कानाडोळा करू लागले. मग काखेत विजेचा झटका. तर काम अडायला नको म्हणून लोक आधी झटक्याचं बटण बंद करायचे आणि मग ते काम उरकायचे. कित्येक वर्षांची मेहनत आणि भरपूर पैसा खर्चून प्रयोग गुंडाळावा लागला. बंद करता येत नाही, हाच खऱ्या दुखण्याचा मोठा गुण निघाला.

उरली चप्पल.

आणि ही चप्पल आता फक्त कुष्ठरोग्यांची राहिलेली नाही. मधुमेह वर्षानुवर्षं आटोक्यात नसला की नसा अशाच मुक्या होतात, त्याही पायांच्या टोकापासून. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सगळ्यांचे पाय बधिर नसतात, पण ज्यांचे होतात त्यांना गोळ्यांइतकीच चपलेचीही गरज असते.

ही विद्या शिकायची कुठे? मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. बारावी विज्ञाननंतर तिथे प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी घेता येते. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं. कृत्रिम हातपाय, पट्टे, आधार यांच्यासोबत पादत्राणंही त्यात येतात. जर्मनीत तर हा स्वतंत्र हुन्नर आहे. साडेतीन वर्षं कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि पुढे उस्तादाची परीक्षा. मला या अभ्यासाचं कौतुक वाटतं ते त्याच्या विचित्र जोडगोळीमुळे. सकाळी शरीरशास्त्र, दुपारी कातडं, फर्मा आणि घासायचं यंत्र. पायात २६ हाडं असतात हे पाठ करायचं आणि त्याच दिवशी हाताला सोल्यूशन फासून घ्यायचं.

ठसा घेणं इथे आधी येतं. शाई लावलेल्या रबरी चटईवरून माणसाला चालवतात. जिथे दाब जास्त, तिथे कागदावरचा ठसा गडद. गौरीची पावलं रांगोळीने काढताना आपण मधली बाजू आत घेतो ना? तीच पायाची कमान. तिथे कागद कोरा राहतो. आणि चवड्याखाली एखादा काळाकुट्ट डाग दिसला, तर उद्याची जखम आजच कागदावर उमटलेली असते.

साहजिकच वाटेल की त्या डागाखाली मऊ गादी ठेवावी. चूक! गादी ठेवतात डागाच्या किंचित मागे. मागच्या हाडांनी भार उचलला की पुढचं टोक आपोआप हलकं होतं. खाटेची सुतळी आठवा. फळीवर झोपलं की खुबा टोचतो, सुतळीवर अंगाचा प्रत्येक भाग थोडं थोडं ओझं वाटून घेतो. एमसीआर चपलेचं रहस्य हेच. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, सूक्ष्म हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं. पायाला लागणारा थर मऊ, जमिनीला लागणारा कडक, म्हणजे काटा वर येत नाही. मागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बक्कलऐवजी वेल्क्रो, कारण कुष्ठरोग्याची बोटंही अधू असू शकतात. आणि खिळा एकही नाही. अस्सल कोल्हापुरीतही खिळा नसतो, ती चामड्याच्या वादीने शिवतात. पण कोल्हापुरीचा अंगठा मात्र बधिर पायाला चालत नाही. तो बोट घासत राहील आणि बोट गप्प बसेल.

आता उभे राहा, चप्पल काढा. दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. पाहिलंत? कमान आपोआप उंचावली! तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा आहे. अंगठा वर वळला की रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो, आणि मऊ पाऊल क्षणात कडक तरफ बनतं. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये हे उलगडून दाखवलं. पण या सुंदर युक्तीची किंमत चवडा मोजतो, कारण त्या क्षणी सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणून जखमेच्या पायासाठी बुटाचा तळ होडीसारखा गोलसर आणि न वाकणारा करतात. बूटच पुढे लोळतो, पायाला वाकावं लागत नाही.

मापाचं काय? आपल्या दुकानातल्या ७ नंबरात आणि ८ नंबरात फरक असतो एका जवाच्या दाण्याचा, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शाचा. जुनं इंग्रजी माप, अजून आपल्या पायात. (आपल्याकडेही आठ जवांचं एक अंगुळ होतंच.) चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने लाखाहून अधिक भारतीयांच्या पायांची मापं घेतली आणि 'भ' नावाची देशी मापपद्धत सुचवली आहे, ती याच दाण्यातून सुटका व्हावी म्हणून. पण बधिर पायाला कोणतंच माप विचारून उपयोग नाही. तो नेहमी लहान नंबर मागतो. बेताचा बूट त्याला जाणवतच नाही. आवळला तरच "हां, आता बसला" असं वाटतं. म्हणून माप टेपने घ्यायचं, तेही शक्यतो संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना.

नवी जोडी तयार झाली की लगेच घरी पाठवत नाहीत. थोडा वेळ चालवतात, चप्पल उतरवतात आणि लाल वण शोधतात. तो बराच वेळ जिरला नाही तर चप्पल पुन्हा घासायच्या यंत्रावर. पण सावळ्या तळव्यावर लाली सहज दिसत नाही. अशा वेळी शिकणारी मुलगी ताप बघावा तसा उलटा हात आधी डाव्या तळव्यावर ठेवते, मग त्याच जागी उजव्या. दोन अंशांचा फरक धोक्याचा. तिला डावा किंचित गरम लागतो. ती पुन्हा हात ठेवून पाहते, आणि त्या जागेभोवती पेनने एक गोल काढते.