तार घेताना चमक बघू नका, जस्त बघा



सोयाबीन शेंगेवर आलं की रानडुक्कर आणि रोही शिवारात उतरतात. किनवट-माहूरच्या जंगलकाठच्या लोकांना हे सांगायला नको. मग झटका मशीनसाठी जीआय तार आणायची घाई होते. दुकानात सगळीच बंडलं चकाकतात. पण काही वर्षांत एक तार तांबूस पडते, दुसरी तशीच राहते. असं का?

*तार बनते कशी?*
कारखान्यात साधारण साडेपाच मिमी जाडीची पोलादी सळई लहान-लहान छिद्रांच्या साच्यांतून ओढून बारीक करतात. मग ती आम्लात धुतात आणि सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून काढतात. बाहेर येताना जादा जस्त पुसलं जातं. जास्त पुसलं तर थर पातळ, कमी पुसलं तर जाड. नवी असताना दोन्ही सारख्याच दिसतात!

जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून बारीक ओरखडा पडला तरी आत लगेच गंज धरत नाही. थर दुप्पट जाड, तर त्याच शेतात जस्त साधारण दुप्पट वर्षं टिकतं.

*घरची परीक्षा: मोरचूद*
१) हातमोजे घाला. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात १०० मिली पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मोरचूद विरघळवा.
२) दोन दुकानांच्या तारांचे तुकडे पुसून १ मिनिट बुडवा. एकमेकांना लागू देऊ नका.
३) काढून धुवा, काळा थर पुसा, परत १ मिनिट बुडवा.
४) पुसूनही न निघणारं लालसर तांबं चिकटलं, म्हणजे तिथलं जस्त संपलं. कापलेली टोकं धरू नका.
जी तार जास्त वेळा बुडवूनही टिकली, तिचा थर जाड.
⚠️ मोरचूद विषारी आहे. उरलेलं पाणी विहिरीत, नाल्यात, जनावरांच्या हौदात टाकू नका.

*किती तार लागेल?*
चौकोनी एक एकराचा घेर सुमारे २५५ मीटर. पाच ओळींना १२७५ मीटर.
• १४ गेज (२ मिमी): किलोत ३९ मीटर, म्हणजे ३३ किलो
• १२ गेज (२.६ मिमी): किलोत २३ मीटर, म्हणजे ५५ किलो
गाठी-जोडाला थोडी जास्त धरा.

*लावताना*
• जीआय तारेला तांब्याची तार जोडू नका, जोडाजवळ जस्त लवकर झिजतं.
• खतांची पोती तारेला टेकवू नका.
• खालच्या ओळीला गवत लागू देऊ नका, झटका कमी होतो.

🔴 *कुंपणात घरची किंवा मोटारीची लाइन कधीही सोडू नका.* झटका मशीन क्षणभराचाच झटका देतं, थेट लाइन माणूस आणि जनावर दोघांचाही जीव घेते. तो गुन्हाही आहे.

पावतीवर गेज, वजन आणि दर चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम, हे लिहून मागा. आयएस ४८२६ हे जस्ताच्या मुलाम्याचं भारतीय मानक आहे, त्याबद्दलही विचारा. चार-पाच जण मिळून घेणार असाल तर आधी नमुन्याचा तुकडा कार्यालयात आणा, मोरचूद परीक्षा सगळ्यांसमोर करू.