गाव एकटं कधीच नव्हतं

‘पूर्वी आपली गावं स्वयंपूर्ण होती. मीठ सोडलं तर बाहेरून काही आणावं लागत नसे.’ मांडवगण फराट्याच्या पारापासून शाळेच्या निबंधापर्यंत हा समज पक्का रुजला आहे. तो रुजवण्यात इंग्रज अधिकाऱ्यांचा मोठा हात आहे. खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकंच, असं चार्ल्स मेटकाफने १८३० साली लिहिलं होतं.

वस्तुस्थिती मांडवगणच्याच शिरूर तालुक्यात सापडते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि १८६०च्या दशकात दख्खनच्या कापसाचा भाव चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, वर सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १८७४च्या अखेरीस कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि गावोगाव कर्जखतं जाळली गेली. ज्या गावाचं कर्ज सातासमुद्रापारच्या लढाईने फुगलं, त्याला स्वयंपूर्ण कसं म्हणायचं? शिवाय सोयरीक, बाजार, वारी, वतन या सगळ्या वाटा शिवेबाहेर जात होत्याच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी १९६० मध्ये स्वयंपूर्णतेचा हा समज थेट खोडून काढला.

दुसरा समज, गाव एकदिलाचं असतं. कर्ड्याचा बहिष्कार पाहिला की तसं वाटतं खरं. एकट्यादुकट्याच्या इच्छेपेक्षा मोठा असा समूहाचा दाब असतो, हे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने मांडलंच आहे. पण दाब कुणावर, हा प्रश्न उरतो. सावकारावर उगारलेलं बहिष्काराचं हेच हत्यार गावोगाव दलितांवर चाललं. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत मेटकाफचा दाखला देऊन डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली, ती या अनुभवातून. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ उजाडलं. गावात एकोपा असतो की संघर्ष, या वादात मला आंबेडकरांचं पारडं जड वाटतं.

पण असे समज तपासणारं समाजशास्त्र म्हणजे पारावरचं मत नव्हे; ते प्रत्यक्ष पाहणीवर उभं राहतं. नगर रस्त्यावरच्या लोणीकंदची पाहणी डॉ. कोट्सने १८२०च्या सुमारास लिहिली. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये दोन काळांची तुलना छापली. मांडवगणच्या उसाच्या पट्ट्यातही असं काम पडून आहे. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. मग त्यातली बाईची मजुरी नेमकी कुणाच्या हातात पडते, हे फडावर जाऊन विचारावं लागेल.